‘आमी’ म्हणजे नक्की कोण?

आमच्या मंडळाच्या पाटीवर ‘अभियंता’ हा शब्द होता. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं लोक जिना चढून यायचे ते मुलींसाठी स्थळ बघायला. एका काकांना मी सगळं नीट समजावून सांगितलं. काका, हे वधू-वर सूचक मंडळ नाही, इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या गावच्या मुलामुलींना आम्ही मदत करतो, कंपन्यांची ओळख करून देतो, मुलाखतीची तयारी करून घेतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, पाणी प्यायलं आणि म्हणाले, “म्हंजे नोकरी लागलेली पोरं तुमच्याकडंच येत असतील. त्यातलाच एक चांगला सांगा.”

पनवेलच्या बाजारात कासमभाईंचं दोर-जाळ्यांचं दुकान आहे. खाली नायलॉनचे दोर, जाळी, गळ आणि अलीकडे ट्रेलरवर टाकायच्या ताडपत्र्या. वर दोन खोल्या, त्या मंडळाच्या. पनवेल-उरणच्या खाडीकाठच्या गावांतून जे घरातले पहिलेच इंजिनिअर झाले, अशा काही जणांनी हे मंडळ काढलं. आमच्या आईवडलांकडे शेती होती, मिठागरं होती, होड्या होत्या. मग बंदर आलं, नवं शहर आलं, जमिनी गेल्या. पोरांनी कॉलेजात जायचं हे सगळ्यांना पटलं, पण कॉलेजातून पुढे कुठे जायचं हे कोणालाच माहीत नव्हतं.

मी कोळ्याची. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात ‘इन्स्ट्रुमेंट’ खात्यात माझी नोकरी झाली. म्हणजे बंद पाइपात आणि टाकीत काय चाललंय ते बाहेरून ओळखायचं: दाब किती, तापमान किती, पातळी कुठवर आली. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली तेव्हा मी ती घेतली आणि घरी बसून कंटाळायच्या आत मंडळवाल्यांनी विद्यार्थी विभाग माझ्या गळ्यात घातला. माझी पात्रता एकच, नसत्या चौकशा. लहानपणी बाबांचा रेडिओ, आईचा वजनकाटा, शेजाऱ्यांचा टेबलफॅन, काही म्हणून सोडलं नव्हतं. आई म्हणायची, “हिला सगल्याचा पोट फाडून बगायचा असतो.” मासळी साफ करणाऱ्या बाईच्या तोंडचं हे कौतुक होतं की तक्रार, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर मी ‘मामा’ हा शब्द वापरायची. शहरातल्या मुलाचा एखादा मामा कंपनीत असतो. तो जेवताना सहज सांगून जातो की मुलाखतीला काय विचारतात, कुठलं खातं चांगलं, कुठला साहेब खडूस. आमच्या मुलांचे मामा होडीवर नाहीतर ट्रेलरवर. मार्कांत मुलं कमी नव्हती, पण इंजिनिअर दिवसभर करतो काय, हे घरात कोणी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा ज्याचा कंपनीत मामा नाही त्याचा मामा व्हायचं, हे आमचं काम. त्यासाठी आम्ही मुलाखतीच्या रंगीत तालमी घ्यायचो. टेबलाच्या अलीकडे मी आणि एखादे अनुभवी सभासद, पलीकडे मूल. मोठ्यांच्या डोळ्यांत बघणं म्हणजे उर्मटपणा, असं घरी शिकून आलेली पोरं टेबलाच्या पायाशी बोलायची. ते सुटायलाच चार-सहा तालमी जायच्या.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: घरातली कुठली वस्तू तू उघडून बघितलीस? याची उत्तरं ऐकायला मला फार आवडायचं. एका मुलाने आईचा मिक्सर उघडला होता आणि परत जोडल्यावर एक स्क्रू उरला होता. तो त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवला. मिक्सर चालू होता, घरात चटणी होत होती, पण हा स्क्रू कुठला हे न कळल्यामुळे तो बेचैन होता आणि स्क्रू घेऊन हिंडत होता. मी त्याला म्हटलं, तुझं होईल. झालंही.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची यायची. एक गृहस्थ आले, गळ्यात जाड साखळी, पायात पांढरे बूट. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि पत्रिकेत नावाच्या आधी ‘इंजि.’ छापायचं होतं. मुलीकडचे म्हणत होते, मंडळाचा दाखला आणा.

“मुलगा कितव्या वर्षाला आहे?” मी विचारलं.

“दुसऱ्या.”

“मागच्या वर्षी?”

“तवा पन दुसऱ्याच.”

मी म्हटलं, असा दाखला देता येत नाही. गृहस्थांनी जरा विचार केला. “मंग अर्धा द्या,” ते म्हणाले. “अर्धा इंजिनिअर तरी हायच ना तो.” दाखला मी दिला नाही, पण पत्रिका मला आग्रहाने आली. नावाच्या आधी छापलं होतं, ‘भावी इंजि.’ छापखान्यातल्या ज्या कोणाला हा शब्द सुचला, त्याला भेटायचं माझं राहूनच गेलं.

लग्नावरून आठवलं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि मंडळाचं निम्मं वेळापत्रक हळदीने पाडलेलं आहे. एकदा मी पुण्याहून रानडे साहेबांना बोलावलं होतं. क्रेनवर आणि यंत्रांवर लागणारे सेन्सर बसवणाऱ्या एका कंपनीत ते मोठ्या हुद्द्यावर होते. एका ओळखीतून ओळख काढत मी त्यांच्यापर्यंत पोचले होते आणि मुलांच्या तालमी घ्यायला ते स्वखर्चाने आले होते. खुर्च्या मांडलेल्या, चहा तयार, आणि एकही मूल नाही. मी फोन लावत सुटले. कोणी उचलेना. शेवटी कासमभाई जिन्यात येऊन म्हणाले, “ताई, आज जासईला हळद आहे. आज बाजारात मासा पण येणार नाय, तुमची पोरं कुठून येतील?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रानडे साहेब मात्र माझ्याच जातीचे निघाले, म्हणजे चौकस. “हळद म्हणजे नक्की किती मोठी असते?” त्यांनी विचारलं. मी त्यांना घेऊन जासईला गेले. रस्त्याला नेहमीसारखी ट्रेलरची रांग, तिच्यातून वाट काढत मंडपात पोचलो तर आमचे सगळे भावी इंजि. वाढपाला उभे. साहेबांना बघून त्यांनी हातातले टोप खाली ठेवले. मग मंडपाच्या मागे, पाण्याच्या टँकरच्या आडोशाला दोन खुर्च्या टाकून तालमी झाल्या. साहेब ओरडून विचारत होते आणि पोरं ओरडून उत्तरं देत होती, कारण पुढे डीजे लावलेला. एकाला त्यांनी जनरेटरवर किती भार आहे ते काढायला लावलं. त्याने बोटांवर मोजून सांगितलं, तेवढ्यात नवऱ्यामुलाच्या मावशीने येऊन साहेबांच्या दोन्ही गालांना हळद फासली. ते तसेच पुण्याला गेले. त्यानंतर मी कुठलाही कार्यक्रम ठरवायच्या आधी कासमभाईंना हळदी विचारून घ्यायला लागले.

आता अंकिताकडे येते, कारण एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तिने.

तिची ओळख पालकांच्या दिवसामुळे झाली. ही कल्पना आमची नव्हे. एका सभासदाचा भाचा अमेरिकेत शिकत होता. तो एकदा फोनवर मला म्हणाला, “मावशी, तुमच्यासारखीच मंडळं इथे पण आहेत.” स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतून आलेल्या इंजिनिअर लोकांची आणि विद्यार्थ्यांची. त्यांतल्या पुष्कळांचे आईवडील शेतात, बांधकामावर, हॉटेलांच्या स्वयंपाकघरात राबलेले, आणि मुलं घरातली पहिलीच कॉलेजात गेलेली. मला ऐकूनच इतकी गंमत वाटली की मी त्याला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. ते खोली भाड्याने घेतात की कॉलेज देतं? आया येतात का? काय खायला असतं? त्याने सांगितलं की ते एक दिवस आईवडलांना कॉलेजात बोलावतात, प्रयोगशाळा दाखवतात आणि तुमचं मूल काय शिकतंय हे त्यांच्याच भाषेत समजावतात. आणखी एक सांगितलं, की ही मुलं मुलाखतीत ‘मी’ म्हणतच नाहीत, सारखं ‘आम्ही, आम्ही’ करतात, आणि तिथल्या मोठ्यांना ते मोडून काढावं लागतं. त्या वेळी मी फक्त पालकांचा दिवस तेवढा उचलला. दुसरं वाक्य ऐकलं आणि तिथेच सोडलं.

आमच्या पालकांच्या दिवशी अंकिताची आई आली होती. अंकिता इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला. जासईच्या पलीकडे, खाडीला लागून गाव. वडील ट्रेलर चालवायचे, आई घरची उरलीसुरली भातशेती बघायची. प्रयोगशाळेत पडद्यावर विजेची लाट दिसते ते यंत्र आम्ही सगळ्यांना दाखवत होतो. बाकीच्या बाया हसत, लाजत पुढे सरकल्या. ही थांबली आणि म्हणाली, “एवढी लाट हाय, मंग आवाज का नाय हिला?” इतका चांगला प्रश्न मला पुष्कळ दिवसांत कोणी विचारला नव्हता. आम्ही त्या यंत्राला स्पीकर जोडला आणि लाटेचा आवाज तिला ऐकवला. ती खूश झाली. मीही झाले.

अशा बाईची मुलगी, तेव्हा माझ्या अपेक्षा मोठ्या. आणि मुलाखतींत अंकिता पडत होती. दोन कंपन्यांनी परत पाठवलं. मी ओळखीने आतून विचारणा केली तर दोन्हीकडून एकच उत्तर: मुलगी हुशार दिसते, पण प्रोजेक्ट सगळ्यांनी मिळून केलेलं आहे, तिचं स्वतःचं काम काय ते कळत नाही. मी तिला विचारलं, “प्रोजेक्ट कोणी केलं?”

“आमी केला,” ती म्हणाली. मग शुद्ध करून, “आम्ही केलं.”

“आम्ही म्हणजे कोण? ग्रुपमध्ये कोणकोण होतं?”

“ग्रुप नव्हता. आम्हीच. घरचे.”

मला भाच्याचं ते सोडून दिलेलं वाक्य आठवलं. कुठली अमेरिका आणि कुठली जासई.

तिकडे घरी वेगळंच चाललं होतं. अंकिताचे काका द्रोणागिरीजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर सुपरवायझर होते. त्यांनी गेटच्या खिडकीवर पास लिहायची नोकरी तिच्यासाठी धरून ठेवली होती. वडील वाईट नव्हते. त्यांनी तिला चार वर्षं शिकवलं होतं आणि आता ते थकले होते. “अजून एक बघ,” त्यांनी सांगितलं होतं. “नाय झाला तर त्याच्या पुढल्या सोमवारपासून काकाच्या गेटवर.” हे सांगताना अंकिता माझ्याकडे न बघता म्हणाली, “ताई, एकदा त्या खिडकीत बसले ना, की मग मी परत सोल्डरिंग हातात घेणार नाय. मला माहिताय.” मलाही माहीत होतं. त्या खिडक्यांत बसलेली आमची तीन-चार चांगली पोरं मी येता-जाता बघत होते.

प्रोजेक्ट नक्की कोणाचं ते बघायला मी तिच्या गावी गेले. ते काय होतं ते आधी सांगते. खाडीच्या बाजूने शेताला मातीचा बांध असतो आणि बांधात एक दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी त्यातून खाडीत सोडायचं आणि भरती लागली की खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. पूर्वी दार लाकडाचं असे, आता लोखंडाचं, आणि त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. दार पुरतं मिटलं नाही की खारं पाणी शेतात, आणि त्या वर्षीच्या भाताचं नाव सोडायचं. अंकिताने दाराच्या आतल्या अंगाला पाइपात एक प्लॅस्टिकचा डबा तरंगत ठेवला होता. पाणी चढलं की डबा वर येऊन खटका दाबायचा, खटका एका जुन्या मोबाइलला जोडलेला, आणि मोबाइल बांधाजवळ राहणाऱ्या शेजारच्या काकांना मिस्ड कॉल द्यायचा. मिस्ड कॉल, कारण तो फुकट. मी बांधावर बसून ते यंत्र उघडायला लावलं आणि वायर न् वायर बघितली. सर्किट साधं होतं, सुबक होतं, आणि पावसापाण्यात टिकेल असं बांधलेलं होतं.

“हे कोणी केलं?” मी तिच्या आईला विचारलं.

“हिनंच. आमी काय केला? आमी फकत वैतागलो. दोन महिनं सैपाकाच्या वट्यावर हिच्या सोल्डरिंगचा धूर.”

वडलांना विचारलं, आजोबांना विचारलं, भावाला विचारलं. सगळ्यांनी अंकिताकडे बोट दाखवलं. आणि अंकिता त्या सगळ्यांकडे.

परत येऊन तिच्या तालमी सुरू केल्या. मी सांगायची, “म्हण, मी केलं.” ती म्हणायची, आणि तिचा आवाज असा पडायचा की ऐकणाऱ्याला वाटावं हिने कुठूनतरी ढापलंय. एक दिवस ती वैतागून म्हणाली, “ताई, मी म्हटलं की मला खोटं बोलल्यासारखं वाटतं. पाइप बाबांनी वेल्ड केला. मोबाइल भावाचा. पाणी पहिलं कुठून चढतं ते आजोबांनी दाखवलं. मग मी कसं म्हणू, मी केलं?”

मला तिच्यावर चिडताही येईना. आमच्याकडे जाळं ओढायचं, मीठ ओढायचं, बांध घालायचा, यातलं काहीही एकट्याने होत नाही. एकट्याने केलं म्हणणारा माणूस आमच्या गावात एक तर खोटारडा असतो नाहीतर निवडणुकीला उभा असतो. मी स्वतः ‘आमी’ सोडून ‘मी’ कधी म्हणायला लागले, ते आठवून बघितलं. तळोज्याच्या पहिल्या साहेबाने मला ‘आम्ही’ खोडून कामाची नोंद परत लिहायला लावली होती, ते आठवलं. त्यानंतर मी कितीतरी मुलांना हाच ‘मी’ घोटून घोटून शिकवला. ती पुण्याला गेली, बंगळुरूला गेली, छान चाललंय त्यांचं. त्यांतली फार थोडी कासमभाईंचा जिना परत चढली. त्याचा या एका शब्दाशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून अंकितासाठी मी दुसरी वाट काढली. “सगळ्यांनी केलेलं आधी सांगून टाक,” मी म्हटलं. “ज्याचं त्याला देऊन टाक. बाबांचा पाइप, भावाचा मोबाइल, आजोबांची जागा. दिलंस? आता सांग, उरलेलं कोणी केलं?”

तिने एकेक नाव बोटांवर मोजलं. खाली कासमभाईंकडे कोणीतरी दोरासाठी घासाघीस करत होतं, ते ऐकू येत होतं.

“उरलेलं,” ती म्हणाली, “मी.” चोरी कबूल करावी तशी.

शेवटची मुलाखत रानडे साहेबांच्याच कंपनीची निघाली. द्रोणागिरीत त्यांनी नवं केंद्र काढलं होतं, कंटेनर उचलणाऱ्या क्रेनचे सेन्सर सांभाळायला इंजिनिअर हवे होते. त्यांच्या ऑफिसात रंगकाम चाललेलं, म्हणून मुलाखती आमच्या वरच्या खोलीत ठेवल्या. मला कोपऱ्यात बसायची परवानगी मिळाली, एका अटीवर, की तोंड उघडायचं नाही. माझ्यासारखीला ही शिक्षाच. रानडे साहेबांच्या शेजारी त्यांच्या कंपनीतले एक तरुण गृहस्थ होते. नीटस, घाईत असलेले, सारखं घड्याळ बघणारे.

अंकिता आली, बसली. डोळ्यांत बघून बोलली. सेन्सरचे प्रश्न तिने सहज सोडवले. मग रानडे साहेबांनी तिच्या प्रोजेक्टचा फोटो पुढे ओढला.

“हे यंत्र तुमचं?”

“आमचं,” अंकिता म्हणाली.

मी कोपऱ्यात डोळे मिटून घेतले.

“आमचं म्हणजे?”

ती सुरू झाली. पाइप बाबांनी वेल्ड केला. मोबाइल भावाचा. जागा आजोबांनी दाखवली. आईने ओट्यावरचा धूर सोसला. ज्याचं त्याला देत गेली. आणि ‘उरलेलं’ म्हणायच्या जागी येऊन ती अडकली. टेबलाच्या पायाकडे बघायला लागली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, उरलेलं, अगं उरलेलं कोणी केलं. घाईतल्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे. टीमचं काम आहे.” आधीच्या दोन कंपन्यांचा तोच शेरा. सोमवारची ती गेटवरची खिडकी मला समोर दिसायला लागली.

रानडे साहेब फोटोच बघत होते. “हे कधी फसलं का?” त्यांनी सहज विचारलं. ते कुठल्याही यंत्राबद्दल हे विचारतात.

“हो सर. एकदा पाणी आत आलं.”

“चूक कोणाची?”

“माझी.”

इतक्या चटकन आणि इतक्या स्वच्छ आवाजात, की घाईतल्या गृहस्थांनीही मान वर केली.

“मी एकच नंबर टाकला होता, सर,” अंकिता म्हणाली. “शेजारच्या काकांचा. त्या दिवशी त्यांच्या पुतण्याची हळद होती. मोबाइलने बरोबर कॉल दिला, पण डीजेपुढे त्यांना ऐकू आला नाही. यंत्र चुकलं नव्हतं. मी यंत्राचा विचार केला, माणसाचा केला नाही. मग मी सर्किट बदललं. आता काकांनी फोन कापला तर यंत्र गप्प बसतं. कापला म्हणजे ऐकला. नुसताच वाजत राहिला, तर मी ते दुसऱ्या नंबरला लावलंय, तिथे नाही तर तिसऱ्याला.”

“आणि वाजत राहिला म्हणजे काय समजायचं?”

“वाजत राहिला म्हणजे हळद,” अंकिता म्हणाली. “ज्याच्याकडं हळद नाय, त्याला लागतो.”

रानडे साहेबांचा हात आपोआप गालाकडे गेला. ते हसायला लागले ते थांबेनात. शेजारच्या गृहस्थांना काही कळेना, मला सगळं कळत होतं आणि तोंड उघडायचं नव्हतं. तिच्या तोंडून एका दमात इतके ‘मी’ मी कधी ऐकले नव्हते. श्रेय द्यायचं असलं की ‘आमी’ आणि चूक घ्यायची असली की ‘मी’, एवढा सरळ हिशोब होता आमच्या लोकांचा. इतकी वर्षं मुलांना तालमी देऊन मी त्यांना ‘चूक कोणाची?’ हा प्रश्नच कधी विचारला नव्हता.

“म्हणजे सर्किट बदललं ते तुम्ही,” रानडे साहेब म्हणाले.

“हो सर.”

“आणि पहिलं सर्किट?”

अंकिता थांबली. तिच्या चेहऱ्यावर एक गणित चाललेलं मला दिसलं. “पहिलं पण मीच, सर,” ती म्हणाली. “चूक माझी, म्हणजे सर्किट माझंच ना.”

घाईतल्या गृहस्थांनी आधी लिहिलेलं खोडलं. खोडून काय लिहिलं ते मला कोपऱ्यातून दिसलं नाही, आणि असं काही न दिसणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही. साहेब जिना उतरताना मी त्यांना विचारायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, “कळवतो, ताई.” म्हणजे त्यांनी मला पुरतं ओळखलं होतं.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. शुक्रवारी जेवण झाल्यावर मंडळाच्या खोलीत बसले होते, तेव्हा फोन वाजला. अंकिताचा होता. मागे आईचा आवाज, कुणीतरी हसतंय, कुणीतरी भांडं पाडलं.

“ताई,” ती म्हणाली, “आमाला नोकरी लागली.”

सवयीने माझ्या ओठांवर प्रश्न आला होता, आमाला म्हणजे कोणाला? मी तो गिळला. मागून आई ओरडून सांगत होती, “ताईला बोल, पेढे घेऊन येतो आमी.” मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

खोलीत एकटीने बसवेना. जिना उतरून खाली आले. कासमभाई गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होते, हात पसरून, वाव वाव. तळोज्याच्या गेटपाशी मी जी बोली कधीतरी सोडून आले होते, ती माझ्या तोंडून आपसूक निघाली.

“कासमभाई, आमाला नोकरी लागली.”

त्यांचे दोन्ही हात दोरासकट हवेतच राहिले. चष्म्यावरून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

“या उमरमध्ये, ताई? कुठं?”

“द्रोणागिरीला,” मी म्हटलं.